‘हॉब्सन-जॉब्सन’: एका आक्रोशाचा कागदोपत्री माग

१८८६ साली लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा एक जाडजूड कोश काढला. कर्ते दोघे होते: बंगाल इंजिनियर्समधले कर्नल हेन्री यूल आणि मद्रासच्या सनदी नोकरीतले संस्कृतज्ञ आर्थर बर्नेल. तंजावरच्या भोसले राजांच्या वाड्यातल्या संस्कृत पोथ्यांची सूची केली ती याच बर्नेलने. तो १८८२ सालीच वारला. कोश तडीस नेला यूलने. नाव ठेवले ‘हॉब्सन-जॉब्सन’. ग्रंथाचे कर्ते दोन आहेत हे या जोडनावातून सुचावे, असेही यूलच्या मनात होते.

हॉब्सन आणि जॉब्सन ही दोन्ही अस्सल इंग्रजी आडनावे. रॉबर्टला लाडाने हॉब म्हणत, त्याचा मुलगा तो हॉब्सन. पण इथे ती कुणा माणसांची नावे नव्हेत. मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत लोक ‘या हसन! या हुसेन!’ असा जो आकांत करतात, तो गोऱ्या शिपायांच्या तोंडी हे रूप घेऊन बसला, आणि पुढे कोणत्याही गलबल्याच्या सणाला ते हेच म्हणू लागले. इ. स. ६८० साली करबलाच्या रणात पैगंबरांचा नातू हुसेन तहानलेला मारला गेला, त्याचा हा शोक. या आकांताची दोन आडनावे कशी झाली, हे केवळ गमतीचे म्हणून सोडून देता येत नाही.

कोशकारांनी या नोंदीखाली जुने उतारे सालवार लावले आहेत, आणि त्यांतून शब्द घडत गेलेला दिसतो असे ते म्हणतात. पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने १६१८ साली इराणात ‘वाह हुसेन, शाह हुसेन’ असे ऐकले. डॉक्टर जॉन फ्रायर १६७३च्या सुमारास ‘होसीन गोसीन’ लिहितो आणि त्याच पुस्तकात दुसरीकडे ‘हॉसी गॉसी’. (शिवकालाच्या अभ्यासकांना हा फ्रायर चांगला ठाऊक आहे, जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याकडे वैद्यकी करायला तोच गेला होता.) जेझुइट फ्रान्सिस्को द सौझाच्या १७१०च्या पोर्तुगीज ग्रंथात ‘सौसें सौसें’ आहे, मद्रासकडच्या १७२०च्या मजकुरात ‘होसेन जोसेन’, आणि डच लेखक फालेंटाइन १७२६ साली सांगतो की आमचे लोक याला ‘याक्सोम बाक्सोम’ म्हणतात.

ही रूपे एकाखाली एक मांडली की जिना चढल्यासारखे वाटते. मला ते पटत नाही. डच रूप लॅटिन लिपीत ‘जे’ अक्षराने सुरू होते, आणि डच माणूस त्या अक्षराचा उच्चार ‘य’ करतो. म्हणजे हाकेतला ‘या’ डचांच्या कानी शाबूत पोचला होता. फ्रायरच्या दोन्ही रूपांत त्याचा मागमूस नाही. पोर्तुगीज ‘सौसें’ला तर ‘या हसन’पेक्षा देल्ला वाल्लेचे ‘शाह हुसेन’ जवळचे वाटते; ‘शाह’मधला ‘ह’ गळला की उरते ते जवळपास हेच. तेव्हा एकाने दुसऱ्याचे ऐकून शब्द पुढे नेला असे नव्हे. प्रत्येक जमातीने तीच आरोळी आपापल्या बंदरात नव्याने ऐकली आणि आपल्या जिभेला झेपेल तशी धरली. यमक जुळवायची ओढ मात्र सगळीकडे दिसते. आपण ‘चहाबिहा’ म्हणतो, तसेच डचांनी ‘याक्सोम’ला ‘बाक्सोम’ जोडले असावे.

रॉबर्ट ऑर्मच्या १७६३च्या इतिहासातली नोंद वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. १७५१च्या १४ नोव्हेंबरला रझासाहेबाने अर्काटच्या किल्ल्यात कोंडलेल्या क्लाइव्हवर निकराचा हल्ला चढवला. मुरारराव घोरपड्यांची फौज इंग्रजांच्या मदतीला निघाली होती, त्यामुळे रझासाहेबाला थांबून चालणार नव्हते. ते दिवस मोहरमचे होते, आणि ऑर्म लिहितो की ‘हसेन आणि जसेन’ या भावांच्या खुनाच्या स्मरणाचा हा सण. इथे यमकाचा तुकडाच माणूस होऊन बसला आहे. शिवाय हसन करबलात मारलाच गेला नव्हता; तो दहा वर्षे आधी मदिनेत वारला. ऑर्म साधनांच्या बाबतीत काळजी घेणारा इतिहासकार, पण या एका वाक्यात त्याने छावणीतले ऐकीव जसेच्या तसे घेतले आहे.

यूलच्या हाती ‘हॉब्सन-जॉब्सन’ या नेमक्या रूपाचा एकही छापील दाखला नव्हता, आणि त्याने तसे स्वच्छ लिहून ठेवले. तो दाखला मिळाला १९०३च्या दुसऱ्या आवृत्तीत. संपादक विल्यम क्रूक याने आपली भर चौकटी कंसांत घातल्यामुळे कोणता पुरावा कुणाचा हे आजही वेगळे काढता येते. क्रूकचा उतारा १८२९चा, मुंबईच्या ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’मधला. त्यात बोलणाऱ्याला ताबूत म्हणजे कागदाच्या सुबक पेट्या वाटतात, आणि लोक बार काढत, कर्णे फुंकत ‘हॉब्सन जॉब्सन’ ओरडतात अशी त्याची तक्रार आहे. मजकुराचे स्पेलिंग मुद्दाम गावंढळ ठेवले आहे. म्हणजे कुणा शिकल्यासवरल्या लेखकाने सामान्य शिपायाच्या बोलण्याची ही नक्कल उतरवली. मूळ उच्चाराचा साक्षीदार म्हणून ती कच्ची आहे. पण वाचक हसावेत म्हणून नक्कल करायची तर शब्द वाचकांच्या ओळखीचा हवा. १८२९ साली मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या वाचकांना तो ओळखीचा होता, एवढे यावरून पक्के धरता येते.

शब्द आता मेला, असे यूल आधी समजत होता. मेजर जॉन ट्रॉटर या मित्राने त्याला सांगितले की पंजाबातल्या गोऱ्या पलटणींत आपण तो वारंवार ऐकला आहे. एका पलटणीच्या मुनशीच्या तोंडूनही ट्रॉटरने तो ऐकला होता. मुनशीचे काम साहेबांना देशी भाषा शिकवण्याचे. ‘या हसन, या हुसेन’चा खरा उच्चार त्याला शिकवावा लागला नसता. तरीही त्याने छावणीचे रूप उचलले, कारण ज्यांच्याशी बोलायचे त्यांना तेवढेच कळत होते.