खिशांतलें पिस्तुल आणि कायदा

ता. १४ एप्रिल १८६५ च्या रात्रीं वॉशिंग्टन येथील फोर्ड नाट्यगृहांत अध्यक्ष लिंकन नाटक पाहत बसले असतां जॉन विल्क्स बूथ हा नट मागील बाजूनें त्यांच्या खास कक्षांत शिरला. त्याच्या हातांतील पिस्तुल मुठींत दडावें एवढें, अवघें सहा इंचांच्या आंतलें. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर या कारागिराच्या कारखान्यांतलें हें हत्यार. त्यांत गोळी एकच मावे. परंतु कोटाखालीं तें आहे अशी कोणास शंकाहि येऊं नये, हाच त्याचा गुण. पुढें या कारागिराचें नांव, एका 'र'काराची भर पडून, तसल्या सर्वच चिमुकल्या पिस्तुलांना चिकटलें.

लपविलेल्या शस्त्राचें भय मात्र अमेरिकेंत याहून जुनें आहे. केंटकी व लुईझियाना या संस्थानांनीं १८१३ सालींच गुप्तपणें शस्त्र बाळगण्यास बंदी केली. कमरेस उघड लटकणारें शस्त्र पाहून समोरचा मनुष्य सावध तरी होतो. खिशांतलें शस्त्र दग्याचें, अशी त्या काळची समजूत. केंटकींत ब्लिस नांवाच्या इसमाला गुप्ती बाळगल्याबद्दल शंभर डॉलर दंड झाला. तो वरच्या न्यायालयांत गेला, आणि १८२२ सालीं न्यायाधीशांनीं तो कायदाच घटनाबाह्य ठरविला! तेव्हां केंटकीकरांना बंदीसाठीं आपली घटनाच बदलावी लागली. तें काम १८५० सालीं झालें.

खरी मौज टेनेसी संस्थानांत झाली. यादवी युद्धानंतर १८७० सालीं तेथें नवी घटना आली. संरक्षणासाठीं शस्त्र ठेवण्याचा हक्क नागरिकांना आहे, परंतु गुन्हे टळावेत म्हणून शस्त्र अंगावर वागविण्याचें नियमन विधिमंडळानें करावें, असा तींत तोल साधला होता. मग नियमन कोणत्या शस्त्राचें? १८७१ सालीं तेथील श्रेष्ठ न्यायालयानें निवाडा दिला, कीं सैनिकाला शोभेल असें शस्त्र हक्कांत मोडतें. खंजीर, गुप्ती, खिशांतलें पिस्तुल यांना तें संरक्षण नाहीं. त्यावर कायदा झाला तो असा: पिस्तुल वागवावयाचें तर लष्करी नमुन्याचें, आणि तेंहि हातांत उघडें धरून! १८७९ सालीं इतर पिस्तुलांच्या विक्रीलाहि बंदी झाली. शेजारच्या आर्कान्सासनें १८८१ सालीं तोच कित्ता गिरविला.

याचा परिणाम काय झाला असेल तो पाहावा. कोल्टचें 'नेव्ही' रिव्हॉल्व्हर म्हणजे साडेसात इंची नळीचें, अडीच पौंडांहून अधिक वजनाचें धूड. आणि किंमतहि तशीच. युद्धांतून परतलेल्या गोऱ्या शिपायांच्या घरीं असलीं रिव्हॉल्व्हरें खुंटीला टांगलेलीं होतीं. ज्यांना तें परवडत नव्हतें, त्यांत नुकतेच गुलामगिरींतून सुटलेले नीग्रो आले व गरीब गोरेहि आले. त्यांच्या आटोक्यांतलें तेवढें स्वस्त पिस्तुल बेकायदा ठरलें. कायद्याच्या शब्दांत वर्णाचा उल्लेख कोठेंहि नाहीं. तथापि त्याचा रोख कोणाकडे होता, याविषयीं कित्येक इतिहासकारांना शंका वाटते, व ती निराधार म्हणतां येत नाहीं.

कारखानदारहि स्वस्थ बसले नव्हते. ता. ६ सप्टेंबर १९०१ रोजीं बफेलोच्या प्रदर्शनांत अध्यक्ष मॅकिन्ले हस्तांदोलनासाठीं उभे असतां झोल्गोश नांवाच्या अराजकवाद्यानें रुमालांत गुंडाळलेल्या रिव्हॉल्व्हरनें त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. जॉन ब्राउनिंग या कल्पक यंत्रज्ञाच्या हातून तर पिस्तुल आणखी चपटें झालें. १९०३ सालच्या कोल्टमध्यें घोडा आंत दडविलेला, म्हणजे खिशांतून काढतांना कापडास अडकावयास नको. १९०८ सालचें बंडीच्या खिशांतलें पिस्तुल तर केवळ तेरा औंसांचें. ब्राउनिंगचें नांव महाराष्ट्रालाहि अपरिचित नाहीं. सावरकरांनीं लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलें चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरतळांतून पाठविलीं, तीं १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याची नजर चुकवूनच. त्यांतल्याच एकानें अनंत कान्हेरे यांनीं ता. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन याला ठार केलें. असो.

न्यूयॉर्कनें वेगळी वाट धरली. १९११ च्या जानेवारींत डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स या कादंबरीकाराला एका माथेफिरू वादकानें भर रस्त्यांत गोळ्या घातल्या. कादंबरींत आपल्या कुटुंबाची बदनामी आहे, असें त्याच्या मनानें घेतलें होतें. त्याच वर्षीं टिमोथी सुलिव्हन या पुढाऱ्यानें मांडलेला कायदा संमत झाला. येथें पिस्तुलाच्या जातीला महत्त्व नाहीं. लपवितां येण्याजोगें कोणतेंहि हत्यार बाळगावयाचें तर परवाना हवा. १९१३ पासून बाहेर वागविण्यासाठीं 'योग्य कारण'हि दाखवावें लागे. कारण योग्य कीं अयोग्य, हें अधिकाऱ्यानें ठरवावयाचें! कोणतें पिस्तुल निवडावें हा प्रश्न मागें पडून, कोणाचा वशिला लावावा हा पुढें आला, असें टीकाकार म्हणत. तरी ती अट शंभरांहून अधिक वर्षें टिकली. अखेर ता. २३ जून २०२२ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं ती रद्द केली.

न्यूयॉर्कच्या विधिमंडळानें दुसऱ्याच आठवड्यांत नवा कायदा केला. परवानाधारकालाहि जेथें शस्त्र नेतां येणार नाहीं अशा जागांची यादी त्यानें दिली. शाळा, दवाखाने, आगगाड्या, नाट्यगृहें त्या यादींत आहेत. आणि परवाना मागणारास सोळा तासांचें शिक्षण व दोन तासांचा प्रत्यक्ष नेमबाजीचा अभ्यास सक्तीचा केला.