'क्रोधि, माघ बहुळ तदिय' म्हणजे नक्की कधी?

मुलाखतीच्या फॉर्ममध्ये जन्मतारीख हा सगळ्यात सोपा रकाना वाटतो. पण आपल्या आजी-आजोबांच्या कागदावरचा '१ जून' आठवा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकून दिलेली तारीख ती! जुन्या तेलुगू घरांतही कागदावरची तारीख एक आणि घरातली आठवण दुसरी, असं होतं. ही आठवण बऱ्याचदा पंचांगाच्या भाषेत असते: "क्रोधि, माघ बहुळ तदिय."

यातलं अर्धं आपल्या ओळखीचं आहे. तेलुगू पंचांगही आपल्यासारखंच अमान्त आणि शालिवाहन शकाचं. उगादी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी. बहुळ म्हणजे वद्य, तदिय म्हणजे तृतीया. खरी अडचण 'क्रोधि' या संवत्सराची. संवत्सरांची नावं ६०, त्यामुळे दर ६० वर्षांनी तेच नाव परत येतं. क्रोधि १९०४ मध्ये सुरू झालं, मग १९६४ मध्ये आणि परत २०२४ मध्ये. शिवाय संवत्सर बदलतं उगादीला, १ जानेवारीला नाही. म्हणजे १९६४ च्या क्रोधीतला माघ येतो १९६५ मध्ये. घाईत '१९६४' लिहिलं की एक वर्ष चुकलंच.

मग १९०५ की १९६५? याचं उत्तर घरातच सापडू शकतं. जन्माचं संवत्सर परत आलं की षष्टिपूर्ती करतात, म्हणजे आपली साठीशांत. षष्टिपूर्तीचा फोटो १९६५ चा असेल, तर जन्म १९०५ चा.

दिवसाबाबत मात्र जपून. सूर्यसिद्धान्तावर चालणारं पंचांग आणि दृक्‌गणिताचं पंचांग यांत तिथी संपायची वेळ काही तासांनी वेगळी येऊ शकते. म्हणून एका दिवसाची मोकळीक ठेवायची आणि कोणत्या पंचांगावरून तारीख काढली तेही लिहायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या घरात पंचांग वाचणारं कुणी नव्हतं, तिथे जन्म सांगितला जातो पुरावरून, दुष्काळावरून, वादळावरून. "दिविसीमाच्या वादळाच्या वर्षी" असं कुणी सांगितलं, तर तेही १९७७ असं पक्कं वर्षच आहे. अशी उत्तरं 'माहिती अपूर्ण' म्हणून बाजूला काढली, तर आपल्या अभ्यासात फक्त पंचांगवाली घरंच उरतील.

म्हणून जन्मतारखेच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा: 'ही तारीख कशी कळली?'