छोट्या गाडीत चालकाने कसे बसावे? कंबर, गुडघे आणि मान सांभाळणारी बैठक

"डॉक्टर, गाडी लहान आहे, म्हणून कंबर दुखते. मोठी घ्यावी का?" बोरिवलीहून अंधेरीला किंवा मुलुंडहून घाटकोपरला रोज गाडीने जाणारे रुग्ण हा प्रश्न नेहमी विचारतात. पुढे विचारपूस केली की समजते, गाडी घेतल्यापासून सीटची मागे-पुढे करण्याची दांडी त्यांनी फारशी हलवलेलीच नाही. घरात दोघे गाडी चालवत असतील, तर आधी जो बसला त्याच्याच मापात दुसराही बसतो.

गाडी बदलण्याआधी बैठक बदलून पाहा. त्यासाठी पाच मिनिटे लागतात आणि खर्च काहीच नाही.

दुखते कशामुळे?

कमरेच्या मणक्यांना आतल्या बाजूने एक नैसर्गिक बाक असतो. आपण सीटवर पुढे घसरून बसलो की हा बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर व स्नायूंवर ताण वाढतो. त्यात खड्ड्यांचे हादरे.

मुंबईच्या उपनगरांत आणखी एक कारण आहे, ते म्हणजे क्लच. साकीनाका किंवा एलबीएस मार्गावरच्या कोंडीत गाडी दहा-दहा फूट पुढे सरकते आणि प्रत्येक वेळी डावा पाय क्लच दाबतो. सीट फार मागे असेल, तर क्लच तळापर्यंत नेण्यासाठी कंबर दर वेळी डावीकडे खाली ओढली जाते. सीट फार पुढे असेल, तर गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीभोवती दुखू लागते. म्हणून बैठक ठरवताना सुरुवात स्टिअरिंगपासून न करता पायापासून करा.

बैठक लावण्याचा क्रम

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद ठेवा, हँडब्रेक ओढा. रोज वापरता तीच चप्पल-बूट घाला. शक्यतो मागे पट्टा असलेले. मागच्या खिशातले पाकीट आणि मोबाइल काढून ठेवा. पाकिटावर बसल्याने कंबर एका बाजूला कलते आणि नितंबातून पायाकडे जाणाऱ्या शिरेवर दाब येऊ शकतो.

१. आधी मागे सरका. नितंब सीटच्या अगदी कोपऱ्यात टेकवा. पाठ आणि सीट यांत पोकळी राहिली, तर पुढची सगळी मापे चुकतात.

२. क्लच तळापर्यंत दाबा. त्या वेळी डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि नितंब जागचे हलता कामा नयेत. तेच ब्रेकवर उजव्या पायाने करून पाहा. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकवरूनच अंतर ठरवा. सीट 'खट्' असा आवाज होऊन अडकली आहे ना, हे थोडे हलवून तपासा.

३. सीटची पाठ लावा. ती ताठ काटकोनात नको आणि आरामखुर्चीसारखीही नको. काटकोनापेक्षा थोडीशीच मागे ठेवा. खांदे सीटला टेकलेले असताना हात सरळ पुढे करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले, तर अंतर योग्य आहे.

४. उंची पाहा. डोके आणि छत यांत चार बोटे तरी जागा हवी आणि बॉनेटपलीकडचा रस्ता मान उंच न करता दिसला पाहिजे. अनेक छोट्या गाड्यांत, विशेषतः स्वस्त मॉडेलमध्ये, सीटची उंची बदलता येत नाही. उंची कमी असेल, तर पातळ, घट्ट आणि न सरकणारी गादी वापरा. जाड मऊ उशी टाळा. जोरात ब्रेक लागल्यावर शरीर तिच्यासह पुढे घसरते.

५. स्टिअरिंग. बऱ्याच छोट्या गाड्यांत ते फक्त वर-खाली होते, जवळ घेता येत नाही. मांड्यांना लागणार नाही आणि मीटर दिसतील इतके ठेवा. छातीचे हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंमी अंतर हवे. अपघातात एअरबॅग अतिशय वेगाने फुगते. फार जवळ बसल्यास तिच्यामुळेच इजा होऊ शकते. ठेंगण्या व्यक्तीला क्लचसाठी पुढे यावे लागते. अशा वेळी सीटची पाठ थोडी मागे झुकवून हे अंतर मिळवा.

६. कमरेला आधार. हात पुसायचा नॅपकिन गुंडाळून कमरपट्ट्याच्या उंचीवर, पाठीमागे ठेवा. आधार जाणवावा, ढकलल्यासारखे वाटू नये.

७. हेडरेस्ट. त्याची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाच्या पातळीत आणा, निदान कानांच्या वर तरी. मागून धडक बसली, तर मानेला मागे झटका बसण्यापासून तेच वाचवते.

८. सीटबेल्ट आणि शेवटी आरसे. खालचा पट्टा पोटावर न येता कमरेच्या हाडांवर बसावा, वरचा खांद्याच्या मधून जावा. गरोदर स्त्रियांनी खालचा पट्टा पोटाच्या खालून आणि वरचा दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने घ्यावा. आरसे आता लावा. तासाभराने मधल्या आरशातली मागची काच नीट दिसेनाशी झाली, तर आरसा हलवू नका. तुम्ही खाली घसरला आहात. मागे सरकून बसा.

घरातले दोघे एकच गाडी चालवत असतील, तर आपापल्या मापाच्या वेळी सीट पुढून किती खटक्यांवर येते ते मोजून ठेवा. गाडी चालू असताना सीट कधीही सरकवू नका.

कोंडीत काय करावे?

- सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि डावा पाय क्लचवरून काढून जमिनीवर टेकवा. क्लचवर पाय 'ठेवून' बसण्याची सवय गुडघ्याला आणि क्लचप्लेटलाही महाग पडते.
- थांबलेले असताना घोटे वर-खाली करा, खांदे सैल सोडा.
- लांबच्या प्रवासात दर दीड-दोन तासांनी पेट्रोल पंपावर किंवा सुरक्षित जागी उतरून पाच मिनिटे चाला.
- दुखणे वाढलेल्या दिवसांत गाडीला सुट्टी द्या. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर किंवा दहिसर-अंधेरी हा पट्टा मेट्रोने जाता येतो. अधूनमधून उभे राहणे आणि चालणे कमरेला सलग बसण्यापेक्षा मानवते.

गाडी चालवू नका, जर

- स्नायू सैल करणारी, सर्दी-अ‍ॅलर्जीची किंवा झोप आणणारी गोळी घेतली असेल. कंबरदुखीवर मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत असे औषध मिसळलेले असते. दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारा.
- मानेला पट्टा लावलेला असेल. मान न वळवता बाजूची रिक्षा किंवा दुचाकी दिसत नाही.
- मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील आणि पाय ब्रेकवर आहे की अ‍ॅक्सिलरेटरवर हे न पाहता कळत नसेल. हे लपवू नका. यात तुमच्याबरोबर रस्त्यावरच्या इतरांचाही जीव आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

बैठक सुधारल्यावर साध्या दुखण्याला दोन-तीन आठवड्यांत उतार पडायला हवा. न पडल्यास तपासून घ्या. कळ गुडघ्याखाली जात असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पंजा वर उचलताना अशक्तपणा वाटत असेल, तर थांबू नका.

पुढील लक्षणांत त्याच दिवशी, तातडीने रुग्णालय गाठा:

- लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, लघवी अडणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा.
- लांब प्रवासानंतर एकाच पोटरीला सूज आणि दुखणे. सोबत धाप लागत असेल, तर शिरेतली गुठळी फुप्फुसात गेल्याची शक्यता असते.
- छातीत दडपण, घाम, डाव्या खांद्यात, हातात किंवा जबड्यात कळ. "स्टिअरिंग धरून खांदा आखडला असेल" असे म्हणून वेळ घालवणे हृदयविकारात जिवावर बेतते. गाडी बाजूला घ्या, १०८ वर फोन करा. स्वतः चालवत रुग्णालयात जाऊ नका.

उद्या सकाळी निघताना गाडी सुरू करण्याआधी एवढे तरी करा: पाकीट काढा, मागे सरका, क्लच तळापर्यंत दाबून पाहा. कंबर हलली, तर सीट एक खटका पुढे घ्या. घरात आणखी कोणी तीच गाडी चालवत असेल, तर त्यांनाही हे करून दाखवा.