व्हिएटनामी व नेपाळी स्थलांतरित समाज, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकविसाव्या शतकाच्या आरंभी स्थायिक झालेले दोन आशियाई समाज. दोन्ही समाजांतील बहुतेक लोक फारशी पुंजी जवळ नसताना आले आणि प्रारंभी दोघांनीही कमी वेतनाची कामे पत्करली. पुढे मात्र त्यांची आर्थिक वाटचाल सारखी झाली नाही. ह्या भेदाची कारणे समाजस्वभावापेक्षा आगमनाचा काळ, प्रवेशाचा कायदेशीर मार्ग आणि आरंभी मिळालेले शासकीय साहाय्य ह्यांत अधिक सापडतात.

व्हिएटनामी लोकांची गणना अमेरिकेच्या जनगणनेत १९८० पासून स्वतंत्रपणे होऊ लागली. त्या वर्षी त्यांची संख्या सु. २.४५ लाख होती. ती १९९० मध्ये सु. ६.१५ लाख, २००० मध्ये सु. ११.२ लाख, तर २०२० मध्ये १९ लाखांहून अधिक झाली. नेपाळी लोकांची संख्या २००० मध्ये दहा हजारांहूनही कमी होती. ती २०१० मध्ये ५१,९०७ व २०२० मध्ये २,०५,२९७ झाली. ह्या दशकात त्यांच्या वाढीचा वेग अमेरिकेतील सर्व आशियाई समाजांत सर्वाधिक होता. भूतानमधून आलेले नेपाळीभाषक निर्वासित आपली नोंद कधी ‘भूतानी’, तर कधी ‘नेपाळी’ अशी करीत असल्याने हे आकडे काहीसे सैल समजावे लागतात.

व्हिएटनामी समाजाचे आगमन : ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव शहर पडले आणि दक्षिण व्हिएटनामचे राज्य संपुष्टात आले. त्या वर्षी सु. सव्वा लाख व्हिएटनामी लोक अमेरिकेत आणले गेले. त्यांत लष्करी अधिकारी, शासकीय कर्मचारी, अमेरिकन कार्यालयांतील नोकर व त्यांची कुटुंबे ह्यांचा भरणा मोठा होता. कॅलिफोर्नियातील कँप पेंडल्टन, आर्कॅन्सॉमधील फोर्ट चॅफी, पेनसिल्व्हेनियातील फोर्ट इंडियनटाउन गॅप व फ्लॉरिडातील एग्लिन विमानतळ येथील छावण्यांत त्यांना ठेवण्यात आले. कोणत्याही एका राज्यावर भार पडू नये, म्हणून शासनाने त्यांना देशभर विखुरले. चर्च व स्वयंसेवी संस्था ह्यांनी त्यांचे पालकत्व स्वीकारले. तथापि थोड्याच वर्षांत बहुसंख्य कुटुंबे स्वेच्छेने पुन्हा हलली आणि कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटी व सॅन होजे, तसेच टेक्ससमधील ह्यूस्टन येथे एकवटली.

१९७८ मध्ये व्हिएटनामच्या शासनाने दक्षिणेतील खाजगी व्यापार ताब्यात घेतला, तेव्हा समुद्रमार्गे पलायनाची मोठी लाट उसळली. लहान होड्यांतून निघालेल्या ह्या लोकांत चिनी वंशाचे व्यापारी, मच्छीमार व शेतकरी होते. पहिल्या लाटेच्या मानाने त्यांचे शिक्षण कमी व हालअपेष्टा अधिक होत्या. १९७९ मध्ये जिनीव्हा येथे भरलेल्या परिषदेनंतर देशातूनच रीतसर प्रस्थान करण्याची योजना अमलात आली. अमेरिकन सैनिकांच्या व्हिएटनाममध्ये जन्मलेल्या संततीसाठी १९८७ मध्ये खास कायदा झाला, तर पुनर्शिक्षण छावण्यांत बंदिवास भोगलेल्यांचे आगमन १९८९ च्या करारानंतर सुरू झाले. १९९० नंतरच्या दशकात निर्वासितांचा ओघ ओसरला आणि नागरिकत्व मिळविलेल्या नातेवाइकांमार्फत येणाऱ्यांची संख्या वाढली.

नेपाळी समाजाचे आगमन : राणा घराण्याची सत्ता १९५१ मध्ये संपेपर्यंत नेपाळ बाह्य जगाला जवळजवळ बंदच होता. त्यानंतरची काही दशके अमेरिकेत येणारे नेपाळी म्हणजे मुख्यतः शिष्यवृत्ती मिळविलेले विद्यार्थी व राजनैतिक अधिकारी असत. १९९० च्या कायद्याने सोडतीद्वारे स्थायी निवासाचा परवाना देणारी विविधता-व्हिसा योजना निर्माण झाली व ती १९९५ पासून नियमित अमलात आली. आधीच्या पाच वर्षांत पन्नास हजारांहून अधिक स्थलांतरित पाठविणाऱ्या देशांना तीतून वगळले जाते. त्यामुळे व्हिएटनाम तीत अपात्र ठरला आणि नेपाळ मात्र तिच्या प्रमुख लाभार्थी देशांत मोडू लागला. १९९६ ते २००६ ह्या काळातील माओवादी सशस्त्र संघर्षामुळे राजाश्रय मागणाऱ्यांची भर पडली. विद्यार्थ्यांची संख्याही वाढली. २०२३-२४ मध्ये ती सु. १६,७०० होती.

ह्यांखेरीज एक निराळा प्रवाह भूतानमधून आला. तेथील दक्षिण भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ल्होत्शाम्पा ह्या नेपाळीभाषक लोकांचे नागरिकत्व हिरावले गेले व १९९० च्या सुमारास त्यांना देशाबाहेर घालविण्यात आले. पूर्व नेपाळातील झापा व मोरंग जिल्ह्यांतील छावण्यांत एक लाखाहून अधिक लोक सु. दोन दशके राहिले. २००७-०८ पासून त्यांचे परदेशी पुनर्वसन सुरू झाले व अमेरिकेने त्यांपैकी ९०,००० हून अधिक लोक स्वीकारले. त्यांच्या मोठ्या वस्त्या ओहायओ राज्यातील कोलंबस व पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग येथे झाल्या.

शासकीय साहाय्य व कायदेशीर दर्जा : व्हिएटनामी समाजाचा मोठा भाग निर्वासित म्हणून आला. अमेरिकेने हरलेल्या युद्धाशी त्याचे आगमन निगडित असल्याने त्याच्याविषयी राष्ट्रीय उत्तरदायित्वाची भावना होती. मे १९७५ मध्ये साहाय्याचा विशेष कायदा झाला व १९८० च्या निर्वासित कायद्याने ती व्यवस्था कायम केली. भाषावर्ग, व्यवसायशिक्षण, वैद्यकीय मदत व रोख भत्ता तीत अंतर्भूत होते. निर्वासितांसाठीच्या खास रोख भत्त्याची कमाल मुदत आरंभी ३६ महिने होती. ती १९८२ मध्ये १८, १९८८ मध्ये १२ व १९९१ मध्ये ८ महिन्यांवर आणण्यात आली. ल्होत्शाम्पा लोक आले, तेव्हा ही ८ महिन्यांचीच मुदत लागू होती. छावणीत वाढलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या शेतकऱ्याने एवढ्या अवधीत नवी भाषा शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहावे, अशी ती अपेक्षा होती. २०२२ मध्ये मुदत पुन्हा १२ महिने झाली. २०२५ मध्ये ती अवघ्या ४ महिन्यांवर आली.

सोडतीतून आलेल्या नेपाळी कुटुंबास स्थायी निवासाचा हक्क मिळे, परंतु पुनर्वसनाचे कोणतेच साहाय्य मिळत नसे. विमानभाड्यासह सर्व खर्च त्याने स्वतः करावयाचा असे. १९९६ च्या कल्याणविषयक कायद्याने नव्या स्थायी निवाशांना पहिली पाच वर्षे बहुतेक संघीय साहाय्ययोजनांतून वगळले. विद्यार्थ्यास वर्ग चालू असताना आठवड्यास २० तासांपर्यंत व तेही मुख्यतः विद्यापीठाच्या आवारातच काम करता येई. परवान्याची मुदत संपूनही राहिलेल्यांना तर वेतनाबाबत तक्रार करणेही धोक्याचे ठरे. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर अमेरिकेतील नेपाळी नागरिकांना तात्पुरत्या संरक्षणाचा दर्जा मिळाला आणि सु. नऊ हजार लोक कायदेशीरपणे काम करू लागले. हा दर्जा रद्द करण्याची घोषणा २०१८ मध्ये व पुन्हा २०२५ मध्ये झाली आणि दोन्ही वेळा प्रकरण न्यायालयात गेले.

व्यवसाय व भांडवल : १९७५ मध्ये आलेल्या व्हिएटनामी लोकांची प्रारंभी मोठी पदावनती झाली. लष्करी अधिकाऱ्यांनी झाडलोट व पहाऱ्याची कामे केली. सॅन होजे परिसरातील इलेक्ट्रॉनिकी कारखान्यांत सुटे भाग जुळविण्याच्या कामावर व्हिएटनामी स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने लागले. मच्छीमार मेक्सिकोच्या आखाताकाठी कोळंबी व खेकडे पकडू लागले, तेव्हा स्थानिक मच्छीमारांशी त्यांचा संघर्ष उद्‌भवला. टेक्ससमधील सीड्रिफ्ट येथे १९७९ मध्ये त्यांच्या होड्या जाळण्यात आल्या. १९८१ मध्ये कू क्लक्स क्लॅन ह्या संघटनेच्या दहशतीविरुद्ध ह्यूस्टनच्या संघीय न्यायालयाने मनाई हुकूम काढला. २००५ मधील कॅटरीना चक्रीवादळ व २०१० मधील आखातातील तेलगळती ह्यांचा फटकाही ह्या व्यवसायास बसला.

ऑरेंज काउंटीतील वेस्टमिन्स्टर येथे किराणा दुकाने, उपाहारगृहे, दवाखाने व वृत्तपत्रे ह्यांची दाट व्यापारपेठ उभी राहिली. १९८८ मध्ये तिला ‘लिटल सायगाव’ ह्या नावाने अधिकृत मान्यता मिळाली. अशा पेठेत इंग्रजी न येणाऱ्यासही काम मिळे आणि कमाईचा मोठा भाग समाजातच फिरत राही. बँका कर्ज देत नसत, तेव्हा ‘हुई’ नावाच्या परस्पर बचतगटातून भांडवल उभे राही. हुईची पद्धत भिशीसारखी असते. नेपाळात ‘ढुकुटी’ ह्या नावाने अशीच पद्धत रूढ आहे. पतपुरवठ्याची परंपरा दोन्ही समाजांजवळ होती, परंतु वर्गणी देणाऱ्यांची संख्या, त्यांची मिळकत व वास्तव्याची शाश्वती ह्यांवर तिचे बळ अवलंबून असते. ह्या तिन्ही बाबतींत व्हिएटनामी समाज पुढे होता.

नेपाळी लोकांची प्रमुख वस्ती न्यूयॉर्क शहरातील जॅक्सन हाइट्स ह्या भागात झाली. टॅक्सी चालविणे, उपाहारगृहांतील काम आणि घरकाम व मुले सांभाळणे हे त्यांचे प्रमुख व्यवसाय होत. टॅक्सीच्या व्यवसायात शेर्पा लोकही बरेच आहेत. टेक्ससमधील डॅलस–फोर्ट वर्थ परिसरात पेट्रोलपंप व त्यांना जोडलेली किरकोळ दुकाने अनेक नेपाळी कुटुंबे चालवितात. ल्होत्शाम्पा लोक प्रथम गोदामे, हॉटेले व अन्नप्रक्रिया कारखाने ह्यांत मजुरीस लागले. पुढे त्यांच्यातील काहींनी किराणा दुकाने व वृद्धांची घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्था काढल्या.

दोन समाजांच्या स्थितीतील अंतर एकाच व्यवसायात स्पष्ट दिसते. नखांची निगा राखणे व ती रंगविणे ही अमेरिकेत एके काळी श्रीमंत स्त्रियांची चैन होती. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रमेंटोनजीकच्या छावणीत टिपी हेड्रन ह्या अभिनेत्रीने सु. वीस व्हिएटनामी स्त्रियांना हे कौशल्य शिकविण्याची व्यवस्था केली. शिक्षणक्रम अल्पमुदतीचा, भांडवल थोडे व इंग्रजीची गरज कमी, ह्यांमुळे हा धंदा नातेवाइकांमार्फत पसरला व दर उतरल्याने ग्राहकवर्गही विस्तारला. कॅलिफोर्नियातील ह्या व्यवसायात पुढे व्हिएटनामी लोकांचेच प्राबल्य झाले आणि कामगार म्हणून आलेल्या अनेकांनी स्वतःची नेल सलून काढली. न्यूयॉर्कमध्ये नेपाळी स्त्रिया ह्याच व्यवसायात उतरल्या, त्या प्रामुख्याने इतरांच्या दुकानांतील कामगार म्हणून. तेथील अल्प वेतन व रसायनांमुळे आरोग्यास होणारी हानी २०१५ मध्ये वृत्तपत्रांतून उघड झाली, तेव्हा राज्य शासनाने वेतनाची हमी व संरक्षक साधने ह्यांविषयी नियम केले. परवान्याची परीक्षा नेपाळी भाषेतून देण्याची सोयही त्यानंतर झाली. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे ही दुकाने बंद पडली, तेव्हा मालक व कामगार दोघेही संकटात आले. परंतु महिन्याच्या मजुरीवर घरभाडे भागविणाऱ्या कामगार स्त्रीजवळ कसलाच राखीव साठा नव्हता.

उत्पन्न व दारिद्र्य : व्हिएटनामी समाजाची प्रगती मंदगतीने झाली. १९९० च्या जनगणनेनुसार त्यांच्यातील सु. २६% लोक दारिद्र्यरेषेखाली होते. संपूर्ण देशाचे प्रमाण सु. १३% होते. म्हणजे पहिल्या लाटेनंतर पंधरा वर्षांनीही त्यांचे दारिद्र्य देशाच्या जवळजवळ दुप्पट होते. २००० च्या जनगणनेत ते १६ टक्क्यांवर आले. २०१९ मध्ये व्हिएटनामी कुटुंबाचे मध्यमान वार्षिक उत्पन्न सु. ६९,८०० डॉलर, तर नेपाळी कुटुंबाचे सु. ५५,००० डॉलर होते. अमेरिकेतील सर्व कुटुंबांचे मध्यमान तेव्हा सु. ६१,८०० डॉलर होते. प्रौढांतील पदवीधरांचे प्रमाण मात्र व्हिएटनामी समाजापेक्षा नेपाळी समाजात अधिक आढळते. काठमांडूत शिक्षक किंवा अधिकारी असलेल्या व्यक्तीची पदवी न्यूयॉर्कमध्ये सहसा उपयोगी पडत नाही, हे ह्या विसंगतीचे एक कारण होय.

हे आकडे जपून वाचावे लागतात. व्हिएटनामी घरांत अनेकदा दोनतीन माणसे कमावती असल्याने कुटुंबाचे उत्पन्न मोठे दिसते. उलट नेपाळी समाजात विद्यार्थ्यांची व नवागतांची संख्या मोठी असल्याने सरासरी खाली येते. दोन्ही समाजांत अंतर्गत विषमताही आहे. अभियंता झालेला व्हिएटनामी तरुण व उतारवयात आलेले माजी कैदी किंवा नेपाळी संगणकतज्ञ व ल्होत्शाम्पा मजूर ह्यांना एकाच सरासरीत बसविल्यास साहाय्याची खरी गरज असणारे दृष्टिआड होतात.

मायदेशाशी आर्थिक संबंध : १९७५ नंतर अमेरिकेने व्हिएटनामवर व्यापारबंदी घातल्याने तेथील नातलगांना औषधे, कापड इ. वस्तूंची पार्सले पाठविणे हाच मुख्य मार्ग होता. बंदी १९९४ मध्ये उठली, १९९५ मध्ये राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि पैसे पाठविणे सुलभ झाले. तोपर्यंत अनेक कुटुंबांनी परतण्याची आशा सोडून अमेरिकेत घरे व दुकाने घेतली होती. नेपाळच्या अर्थव्यवस्थेत परदेशातून येणाऱ्या पैशाचे स्थान फार मोठे आहे. त्यातील पुष्कळसा वाटा आखाती देश, मलेशिया व भारत येथील कामगारांचा असला, तरी अमेरिकेतील नेपाळी माणूसही शिक्षणाचे कर्ज, आईवडिलांचा औषधोपचार व भावंडांचे शिक्षण ह्यांसाठी कमाईचा मोठा हिस्सा घरी धाडतो. त्यामुळे नव्या देशात भांडवल साचण्याचा वेग मंदावतो. ल्होत्शाम्पांना तर परतण्यास मायदेशच उरला नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांच्यापैकी काही जणांची भूतानला रवानगी केली, तेव्हा त्या देशाने त्यांना ठेवून घेतले नाही व ते पुन्हा राष्ट्रीयत्वहीन झाले.

व्हिएटनामी समाजाची उन्नती हे उद्यमशीलतेचे उदाहरण म्हणून वारंवार सांगितले जाते व इतर समाजांशी तिची तुलना केली जाते. उद्यमशीलता तीत निश्चितच होती. तथापि तीमागे निश्चित कायदेशीर दर्जा, आरंभीच्या वर्षांतील शासकीय आधार, एका ठिकाणी एकवटलेली मोठी लोकसंख्या आणि चार-पाच दशकांचा अवधी ह्यांचेही पाठबळ होते. बहुसंख्य नेपाळी कुटुंबांच्या वास्तव्यास अद्याप इतका काळ लोटलेला नाही आणि त्यांच्यातील अनेकांना निवासाची शाश्वतीही लाभलेली नाही. १९९० मधील व्हिएटनामी समाजाची स्थिती लक्षात घेता, नेपाळी समाजाचे आजचे अल्प उत्पन्न हा त्याच्या कर्तृत्वाचा अंतिम निर्णय मानता येत नाही. त्याच्या पुढील वाटचालीत श्रमाइतकेच महत्त्व येथे राहता येईल की नाही, ह्या प्रश्नाच्या उत्तरास राहील.