दहा बहिणींचे पापड आणि एक बारीक चिन्ह

आज वही-पेन घेऊन बसा, कारण आजची गोष्ट नुसत्या कानाने कळायची नाही.

आमच्या गटाने पापडाच्या पाकिटावर इंग्रजीत नाव छापायचं ठरवलं, ‘सिस्टर्स पापड’. मजकूर मीच लिहून दिला. पाकिटं छापून आली, तेव्हा गटातल्या एका ताईंची कॉलेजला जाणारी मुलगी म्हणाली, “मावशी, यावर तर एकाच बहिणीचे पापड असं लिहिलंय.” दहा जणींनी लाटलेले पापड एकीच्या नावावर गेले होते! चूक होती एका चिन्हाची, आणि ती माझीच होती.

ते चिन्ह स्वल्पविरामासारखं दिसतं, फक्त ओळीच्या खाली न बसता वर टांगलेलं असतं. त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. ‘बहिणी’, ‘बहिणीचे’ आणि ‘बहिणींचे’ या तिन्हींसाठी इंग्रजीत उच्चार एकच, ‘सिस्टर्स’. फरक कळतो तो लिहिताना. आपल्याकडे ‘बहिणीचे’ आणि ‘बहिणींचे’ यांत एका टिंबाचा फरक आहे ना, तसंच.

हे चिन्ह आलं कुठून? शब्द मूळचा ग्रीक. अक्षर गाळलं, की त्या जागी ही खूण करायची. स्तोत्राच्या पुस्तकात ‘सोऽहम्’ लिहिताना मध्ये अवग्रह असतो, तो गळलेल्या ‘अ’ची आठवण देतो. हेही तसंच. फ्रान्समध्ये जॉफ्रॉय तोरी नावाच्या मुद्रकाने १५२९ साली ते आणलं, आणि त्याच शतकात फ्रेंचांचं पाहून ते इंग्रजीत आलं.

आता इंग्रजीत मालकी कशी दाखवत? हजार वर्षांपूर्वी आपल्या ‘चा-ची-चे’च्या जागी पुष्कळ शब्दांना ‘ई’ आणि ‘एस’ ही दोन अक्षरं जोडत. पुढे बोलताना ‘ई’ गळला. त्या गळलेल्या ‘ई’च्या जागी हे चिन्ह बसलं.

पण लोक मूळ विसरले. कित्येकांना वाटू लागलं, की हा ‘एस’ म्हणजे ‘हिज’चं, म्हणजे ‘त्याचा’ या शब्दाचं तुटकं रूप आहे. ‘राजा त्याचा घोडा’ असं लिहायचीही पद्धत होती. म्हणजे मालक म्हटला की तो पुरुषच! १७५५ साली सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात हे खोडून काढलं. त्यांचा मुद्दा साधा होता. बाईच्या नावालाही हेच चिन्ह लागतं, मग तिथे ‘त्याचा’ कुठून येणार?

व्याकरणात बाईची मालकी मान्य झाली, कायद्याला मात्र वेळ लागला. तेव्हा इंग्लंडमध्ये लग्न झालं, की बाईची मजुरी आणि पैसाअडका नवऱ्याचा होई. १८७० च्या कायद्याने तिची कमाई तिची झाली आणि १८८२ च्या कायद्याने मालमत्ता स्वतःच्या नावे ठेवायचा हक्क मिळाला. कायद्याचं नाव ‘मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्ट’. त्यातल्या ‘विमेन्स’मध्ये आपलं हे चिन्ह आहे बरं का. त्याच नावाचा कायदा भारतात १८७४ साली झाला आणि तो आजही लागू आहे. नवऱ्याने स्वतःचा आयुर्विमा या कायद्याखाली बायको-मुलांच्या लाभासाठी काढला, तर ते पैसे त्यांचेच राहतात. नवऱ्याच्या कर्जापोटी सहसा कुणाला त्याला हात लावता येत नाही.

आता वही उघडा. एकच गोष्ट लक्षात ठेवा: आधी मालक पूर्ण लिहायचा, मग चिन्ह.

मालकीण एक असेल तर ‘सिस्टर’ लिहा, चिन्ह द्या, मग ‘एस’ लिहा. झालं ‘बहिणीचे’.

मालकिणी अनेक असतील तर ‘सिस्टर्स’ हा शब्द ‘एस’सकट लिहा आणि शेवटी चिन्ह द्या. झालं ‘बहिणींचे’. अनेकांसाठी चिन्ह असं ‘एस’नंतर द्यायची रीत अठराव्या शतकात रुळली.

‘विमेन’ हा शब्द मुळातच अनेकवचनी आहे आणि त्याच्या शेवटी ‘एस’ नाही. म्हणून ‘विमेन’ लिहा, चिन्ह द्या, मग ‘एस’. महिला दिनाच्या फलकावर ‘विमेन्स डे’ असंच लिहायचं.

आणि मालकीचा प्रश्नच नसेल, नुसत्या पुष्कळ वस्तू असतील, तर चिन्ह नको. लोणच्यांच्या यादीवर ‘पिकल्स’ लिहिताना फक्त ‘एस’ पुरे. इंग्लंडमध्ये भाजीवाल्यांच्या पाट्यांवर ही चूक इतकी दिसते, की तिला भाजीवाल्यांच्याच नावाने ओळखतात. तेव्हा चुकलं तर लाजू नका, ज्यांची भाषा आहे तेही चुकतात.

आमच्या उरलेल्या पाकिटांवर आम्ही पेनाने चिन्ह सरकवलं. एका संध्याकाळी सगळ्या जणी ओळीने बसलो होतो. एक आजी म्हणाल्या, “एवढ्याशा टिकलीसाठी एवढी मेहनत?” मी म्हटलं, “आजी, ती टिकली तुमची आहे. ती पुढे सरकली, तेव्हा कुठे पापडांवर तुमचं नाव लागलं.”

तुमच्या गटाच्या पाटीवर, शिक्क्यावर, पाकिटावर इंग्रजी नाव असेल तर आज एकदा बघा. ते चिन्ह कुठे आहे? एकीच्या मागे आहे, की सगळ्यांच्या?