जलपर्णी आपण होऊन येत नाही

मंडळी, आमच्या राळेगणसिद्धीत पाण्याचा विषय निघाला की गाडी नालाबंडिंग आणि पाझर तलावांवरच येते. साहजिकच आहे. वर्षाला पाऊस जेमतेम ४००-५०० मिलिमीटर. १९७५ साली अण्णा हजारे गावात परतले आणि पुढे श्रमदानाने गावाने पाणी अडवले, जिरवले. ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आज लिहितो आहे ते साठलेल्या पाण्यात नको ते कसे शिरते, याविषयी.

जलपर्णी तुम्ही पुण्यात पाहिली असेल. तिचे माहेर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉनच्या खोऱ्यात. जांभळ्या फुलांच्या मोहाने हौशी लोकांनी ती बागेतल्या हौदांसाठी देशोदेशी नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात पोचली आणि काही दशकांत तिथल्या नद्या, खाड्या, भातखाचरे तिने भरून टाकली. होड्या चालेनात, मासे मिळेनात. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोक म्हणू लागले, ही जर्मनांनी सोडली! शत्रूला नावे ठेवणे सोपे असते. आणली होती ती फुलांच्या हौशी चाहत्यांनी. १९२१ साली सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९३६ साली खास कायदा केला, १९३७ च्या निवडणुकीत जलपर्णी हटवण्याची आश्वासने दिली गेली. जलपर्णी मात्र राहिली.

आपल्याकडे मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांत सांडपाण्यावर ती पोसते आणि पुराबरोबर भीमेत, उजनीकडे वाहत जाते. पण नदी तिला फक्त खाली नेते. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात, डोंगर ओलांडून नेतो तो माणूस. होडीच्या तळाला, वल्ह्याला, जाळ्याला अडकलेला एक तुकडा नव्या तलावाला पुरतो. चिखलातले बी पंधरा-वीस वर्षेही टिकते.

अमेरिकेत हेच एका शिंपल्याच्या बाबतीत घडले. काळ्या समुद्राकडचा झेब्रा शिंपला जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून तिथल्या पंचमहासरोवरांत आला. १९८८ साली तो सापडला. तिथून आतल्या लहान तळ्यांत तो गेला तो बहुतांशी गाडीमागे ओढत नेलेल्या होड्यांना चिकटून. म्हणून मिनेसोटात आता कायदाच आहे: होडी रस्त्यावर आणण्यापूर्वी वनस्पती काढा, पाणी काढून टाका, बूच उघडे ठेवा.

आमची भाचे मंडळी सुटीत पवनेला कयाक वल्हवायला जातात, कोणी भिगवणला होडीतून रोहित पक्षी पाहायला. जरूर जा. फक्त निघताना होडी, वल्हे, चपलांचे तळ नीट पाहा. शेवाळ, चिखल, पाने तिथेच काठावर, पाण्यापासून दूर टाका. होडीत साचलेले पाणी ओता. सामान धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच दुसऱ्या पाण्यात न्या. घरच्या काचपेटीतले मासे, वनस्पती कंटाळा आला म्हणून ओढ्यात सोडू नका.

वाहत्या नदीतली घाण निदान पुराने पुढे सरकते. आमच्यासारख्या गावाच्या बांधलेल्या तलावात एकदा जलपर्णी शिरली तर ती उपसायला पुन्हा श्रमदानच करावे लागेल. दहा मिनिटे होडी धुणे त्यापेक्षा स्वस्त, नाही का? तुमच्या गावच्या तळ्याची काय स्थिती आहे, अवश्य कळवा.