अडून बसलेला संगणक

पडद्यावर एकच ओळ उमटते आणि संगणक तिथेच अडतो. मागे खोचलेला पेनड्राइव्ह काढला की मुकाट्याने चालू होतो. हे का होतं?

आयबीएमचा ‘पीसी’ १९८१ साली आला. प्रोसेसरला हाक मारण्यासाठी त्यात ८ तारा होत्या. घड्याळाला एक, कळफलकाला एक, उरलेल्या इतरांनी वाटून घ्यायच्या. १९८४ च्या ‘एटी’त त्या १५ झाल्या, भांडणं मात्र मिटली नाहीत. दोन कार्डांनी एकच तार धरली की कधी अख्खा संगणक अडून बसे. मग झाकण उघडा, चिमुकले जंपर हलवा!

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी आली. बडोद्यात शिकलेले अजय भट्ट इंटेलमध्ये या कामात पुढे होते. इथे उपकरणाने हाक मारायचीच नाही. संगणकच त्यांना १ ते १२७ क्रमांक देतो आणि हजेरी घेतल्यासारखा एकेकाला विचारतो.

रांगेचा प्रश्न मात्र तसाच राहिला. जुना बायोस ठरलेल्या क्रमाने एकेक डिस्क बघतो, तिचे पहिले ५१२ बाइट वाचतो आणि तिथल्या प्रोग्रॅमकडे सूत्रं सोपवतो. नुसत्या माहितीच्या फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम ‘ही सुरुवातीची डिस्क नाही’ एवढंच सांगून थांबे. बायोसच्या लेखी काम संपलेलं! पुढे फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह आला, घोटाळा तोच.

शाळेतलं जुनं यंत्र असं अडलं, तर आधी यूएसबीची सगळी उपकरणं काढा. चालू झालं, की बंद करून एकेक जोडत पाहा. गुन्हेगार पेनड्राइव्ह निघाला, तर बायोसमध्ये हार्डडिस्कचा नंबर पहिला लावा.